थिनरचे डोहाळे

१८ सप्टेंबर १९७२, सोमवार

ही वही रंगाची मापं लिहून ठेवायला आणली होती. पहिल्या पानावर हिरव्या रंगात थिनर किती घालायचं ते लिहिलं आणि पुढे काही सुचेना. माप हाताला कळतं, ते लिहून काय करायचं? वही वाया घालवण्यापेक्षा मनातलं लिहावं म्हटलं. सातवी पास झालो, त्याचा उपयोग आजवर दुकानांच्या पाट्या वाचण्यापलीकडे झालेला नाही.

तर आधी मुख्य गोष्ट. मनकर्णेला दिवस गेले आहेत, चौथा महिना लागला. याआधी आमची दोन गेली. पहिलं पोटातच गेलं. दुसरं सातव्यात झालं, एवढंसं होतं, आठवडाभर राहिलं. दोन्ही वेळा ती जामखेडकडे माहेरी होती आणि मी इथं भिंगारला रंग मारत होतो. निरोप आला तेव्हा कळलं. या वेळी तिला कुठं पाठवायची नाही. माझ्या डोळ्यांसमोर राहील, जड उचलणार नाही, खाईल-पिईल. हे लेकरू जगलं पाहिजे. देवाकडे मला दुसरं काही मागायचं नाही.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

सूर्यभान येऊन गेला. हा पूर्वी मिलिटरीत ड्रायव्हर होता. आता तिथल्याच लिलावात निघालेल्या जुन्या जीपा घेतो, ठाकठीक करतो आणि विकतो. यंदा त्याची चलती आहे. खडीची कामं, तळ्याची कामं, जिथं रस्ता नाही तिथं साहेब आणि ठेकेदार यांना पोचायचं असतं. दुष्काळात बैल विकले जातात आणि जीपा खपतात.

"पेंटर, अंगाला माझी मानसं ब्रशनं रंग मारत्याल," तो म्हणाला. "पर बॉनेट तुझ्या स्प्रेगनचंच पायजे. गिऱ्हाईक आल्या आल्या हात फिरवतं ते बॉनेटवर. खालची चेसी कोन बघतंय?"

"मुलगी बघायला गेल्यावर तोंड बघतात तसं."

"तसंच. तोंड नीट असलं की बाकी खपतं." आणि स्वतःच हसला. त्याची स्वतःची बायको फार देखणी आहे आणि त्याच्याशी बोलत नाही.

बॉनेटं सुटी करून हातगाडीवर इथं येणार. मला तेच बरं. घर सोडावं लागणार नाही.

२५ सप्टेंबर, सोमवार

पहिली बॉनेटं आली. मिलिटरीचा रंग काही केल्या निघत नाही, खालचा पांढरा तारा तर पत्र्यात मुरलेला असतो. खरवडायचं, खळग्यांत लांबीची पुट्टी भरायची, घासायची, मग अस्तर, मग रंगाचे हात. घासायला पाणी लागतं आणि पाणी तर टँकरच्या रांगेत उभं राहून आणावं लागतं. म्हणून रॉकेल लावून घासतो. हात धुवायलाही पाणी वाया घालवत नाही, दोघंही थिनरच्या बोळ्यानं पुसतो. हात कसे लख्ख निघतात.

बॉनेट तयार झालं की मनकर्णा काळ्या रंगात करंगळी बुडवते आणि आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात, एक ठिपका लावते. तीट. पहिलं मूल गेलं त्याच वर्षी मी ही गन आणि कॉम्प्रेसर घेतला होता. सगळे म्हणाले, नव्या वस्तूवर लोकांचे डोळे होते, ती नजर तिच्या पोटाला लागली. तेव्हापासून ती तीट लावते. सूर्यभानला एकदा दिसली. पुसायला निघाला होता, मी हात धरला.

३ ऑक्टोबर, मंगळवार

धुळीनं जीव नकोसा केला आहे. पाऊस नाही, माती भुसभुशीत झाली आहे, वारा सुटला की सगळं शेत घरात येतं. अंगणातल्या पत्र्याखाली तीन हात मारलेलं बॉनेट, अगदी ओलं, आणि वावटळ आली. सगळ्या पत्र्यावर दाणे. भाकरीला तीळ लावावेत तसे. बसून शिव्या दिल्या, मग पुन्हा घासायला घेतलं.

उद्यापासून पुढच्या खोलीत रंग मारणार. खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, दाराखाली गोणपाट लावलं. चूल मागच्या पडवीत हलवली. माझ्या उस्तादानं थिनरबद्दल एकच गोष्ट शिकवली होती, आगीपासून लांब ठेवायचं. ती मी कधी विसरत नाही.

७ ऑक्टोबर, शनिवार

खोलीतलं काम सुरेख होतं. धुळीचा एक कण नाही. मनकर्णा वायरला लावलेला बल्ब हातात धरून तिरपा उजेड पाडते, म्हणजे कुठं रंग कमी बसला ते दिसतं. "हितं कोरडं हाय," "हितं वघळ आला," सांगत राहते. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली. मी तोंडाला फडकं बांधतो. ती बांधत नाही, म्हणते जीव गुदमरतो.

आळीतल्या कितीतरी पोटुशा बाया खडी फोडायला जातात, उन्हात. माझी बायको घरात, सावलीत, बल्ब धरून बसते. एवढं तरी तिला सुख देऊ शकतो याचं बरं वाटतं.

आणखी एक फायदा झाला. खोलीत डास राहिले नाहीत. मुंग्या गेल्या, भिंतीवरची पाल होती तीही गेली. बाळ येईल तेव्हा खोली अशी स्वच्छ हवीच.

११ ऑक्टोबर, बुधवार

आज फार हसलो. काम झाल्यावर गन धुवत होतो तर मनकर्णा म्हणाली, "अवो, त्यो थिनरचा बोळा जरा द्या."

"कशाला? हात तर पुसलेस."

"वास घ्यायचाय." आणि लाजली.

कुणाला चिंचा लागतात, कुणाला भिंतीची माती लागते. माझी आई म्हणे चुलीतली राख खायची माझ्या वेळेला. माझ्या बायकोला थिनर. पेंटरचं पोर आहे, दुसरं काय मागणार? मी बोळा चांगला भिजवून दिला. तिनं पदराच्या टोकात गुंडाळून नाकाशी धरला, डोळे मिटले. मग उगीच हसायला लागली. मला म्हणाली, तुमचे कान केवढे मोठे आहेत. आणि तिथंच आडवी होऊन झोपली.

तसा हा वास तिला आधीपासून आवडतो. दुसरं मूल गेल्यावर ती बोलतच नव्हती, भिंतीकडे तोंड करून पडायची. एकदा डब्याचं झाकण नाकाशी धरून बसलेली दिसली. मी म्हणालो, काय गं, अत्तर आहे का ते? तेव्हा कितीतरी दिवसांनी हसली. ते हसू मी विसरलेलो नाही.

१७ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा

गन, कॉम्प्रेसर, पत्रा खरवडायची पाती, सगळं धुऊन मांडलं, झेंडूची फुलं वाहिली. आज हत्याराला हात लावायचा नाही.

मनकर्णा सकाळपासून कशावरूनही चिडत होती. डोकं दुखतंय, हात थरथरतात, पोळी घशाखाली उतरत नाही. सणाच्या दिवशी ताटावरून उठून गेली. संध्याकाळी बोळा मागितला. पूजेत मांडलेला थिनरचा डबा उघडावा की नाही, मी दारात उभा राहून विचार करत राहिलो. मग हात जोडले, देवाला म्हटलं पोटुशीचं मागणं आहे, आणि उघडला. डोहाळे पुरवले नाहीत तर पोराची लाळ गळत राहते म्हणतात. घटकाभरात शांत झाली. आपट्याची पानं दिली तेव्हा माझ्या पाया पडली.

२८ ऑक्टोबर, शनिवार

सूर्यभानला नेवाशाकडे जीप पोचवायची होती. त्याच्याबरोबर गेलो आणि वाटेत शिंगणापूरला उतरलो. आमच्या हातच्या बॉनेटला माळ घालून तिथवर गेलो याचा अभिमान वाटला. ओलं नेसून शनिदेवाला तेल घातलं. म्हटलं, लेकरू जगू दे, त्याला उचलून तुझ्या पायाशी आणीन आणि वर्षभर शनिवार चुकवणार नाही.

तेल विकणाऱ्याशी वाद झाला. तेलाला वासच नव्हता. मी म्हणालो भेसळ आहे. तो म्हणाला, "आवो पाव्हनं, नाक धुऊन या." सूर्यभाननं मला ओढत आणलं. म्हणाला, चांगलं तेल आहे, मला तर वास येतोय. सूर्यभानला मिलिटरीत डिझेलचा वास घ्यायची सवय, त्याला काय कळणार?

५ नोव्हेंबर, रविवार. दिवाळी

रेशनवर मिलोच मिळतो, ती अमेरिकेची ज्वारी, त्याच्या लाल भाकऱ्या. मनकर्णा चुलीपुढे बसल्या बसल्या पेंगली आणि भाकरी तव्यावर जळून कोळसा झाली. मी चुलीपासून पाच हातांवर लांबी मळत होतो, मला काही कळलं नाही. समोरच्या कलाबाई धावत आल्या, "आवो, काय जळतंय? साऱ्या आळीत वास पसरलाय." तेव्हा धूर दिसला. तिच्या पदराला काही झालं नाही, देवाची कृपा.

कलाबाई दवाखान्यात नर्स आहेत. बौद्ध आहेत, एकट्या राहतात, आळीतल्या बायकांना अडल्या-नडल्याला उपयोगी पडतात. त्या मनकर्णेकडे बराच वेळ बघत राहिल्या, पण त्यांना ड्युटीवर जायचं होतं.

२६ नोव्हेंबर, रविवार

पोटात बाळ हलतं. तिनं माझा हात ठेवून दाखवलं. हाताखाली काहीतरी सरकलं, डबक्यात मासा वळावा तसं. 

ती म्हणाली, वास घेतला की ते गप होतं. मी म्हणालो, "बापावर गेलंय. बापाच्या धंद्याचा वास आला की शांत झोपतं." तिला हे फार आवडलं. हल्ली सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि काम संपल्यावर एकदा बोळा देतो. डबा उघडण्याआधीच पदर पुढे करते.

२० डिसेंबर, बुधवार

सासूबाई आल्या. सातव्यात ओटी भरायला आणि मग बाळंतपण होईपर्यंत राहायला. त्यांचं नाव दगडाबाई आणि तिकडे खडीच्या कामावर दगडच फोडत होत्या. मी म्हणालो, "मामी, दगडाला दगड कसा फुटतो?"

"म्या हाय म्हनून फुटतोय, जावईबापू," त्या म्हणाल्या. "माझ्या मागं चार भावंडं गेली. मग मला दगडा म्हनली. दगूड कोन नेतंय? जगले का न्हाई?"

त्यावरून ठरलं, मुलगा झाला तर धोंडू आणि मुलगी झाली तर धोंडाबाई. माझ्या मनात एक नाव होतं, सिनेमाच्या पाटीवर रंगवलं होतं तसलं. ते मी कुणाला सांगितलं नाही. जगलं तर कोणतंही नाव चालेल.

मामींनी बोळ्याची गोष्ट ऐकली आणि कपाळाला हात लावला, पण हसतच. "म्या बी रॉकेलचा वास घ्यायची हिच्या टायमाला. डव्हाळं पुरवा, जावईबापू. पोरीचं मन मोडू नका."

१२ जानेवारी १९७३, शुक्रवार

कलाबाई मनकर्णेला तपासायला आल्या होत्या. पोट चाचपलं, कान लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं. म्हणाल्या, महिन्यांच्या मानानं वाढ कमी आहे. मग विचारलं, हिच्या तोंडाला हा वास कसला? मी कौतुकानं डोहाळ्यांची गोष्ट सांगितली.

त्या हसल्या नाहीत. मला अंगणात बोलावलं. "रंगनाथभाऊ, आमच्या दवाखान्यात आप्रेशनला भूल देत्यात. ती कशानं देत्यात ठाव हाय? वासानं. नाकाला फडकं लावायचं, मानूस निजतं. आईला भूल चढती, तर पोटातल्याला चढत न्हाई व्हय?"

मी म्हणालो, पण डोहाळे आहेत.

"हे डव्हाळं न्हाईत, भाऊ. मागच्या दोन टायमाला बी ह्येच हुतं ना? आजपासून बंद करा. डबा घरात ठेवूच नका."

भूल वासानं देतात हे मला ठाऊक नव्हतं.  लगेच डबे, गन, सगळं हातगाडीवर घालून सूर्यभानच्या वाड्यात नेऊन ठेवलं. बॉनेटं तिथंच उघड्यावर मारीन, धूळ बसली तर बसू दे.

मामी म्हणाल्या, "तिचं काय ऐकता? तिला ना लेक ना लेकरू. अन् आपल्यातली बी न्हाई." हे मला आवडलं नाही. मी जात मानत नाही. पण त्यांनी कलाबाईंच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं, हे मी पाहिलं होतं आणि बोललो नव्हतो.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत

फार वाईट दिवस. मनकर्णा परवापासून झोपली नाही. घाम येतो, हात कापतात, जे दिलं ते उलटून पडतं. माझ्या कपड्यांचा वास घेत खोलीभर हिंडते. रंगाचं जुनं फडकं कुठून तरी शोधून काढलं होतं, ते मी हातातून हिसकावून घेतलं. हिसकावताना तिच्या मनगटाला माझी नखं लागली.

तिळगूळ दिला तर भिंतीवर फेकला. म्हणाली, "एवढं बी देत न्हाई तुमी. दोन लेकरं गेली, म्या कधी काय मागितलं का?" खरंच तिनं कधी काही मागितलं नव्हतं. मी बाहेर जाऊन रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो.

१६ जानेवारी, मंगळवार

तीच गत. आज माझे पाय धरले. पोटुशी बाई वाकून पाय धरते आणि मी खांबासारखा उभा. मामी म्हणाल्या, "कसाई बी बरा." कलाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, थोडे दिवस त्रास होईल, धीर धरा, मग उतरेल. आणि दवाखान्यात चला म्हणाल्या. मामी नको म्हणाल्या. आठवा लागला आहे, आठव्यात हलवू नये.

मी धीर धरतो आहे. बरोबर करतोय की चूक ते कळत नाही.

२१ जानेवारी, रविवार

लिहायला हात होत नाही, पण लिहितो.

गुरुवारी पहाटे कळा सुरू झाल्या. सूर्यभाननं जीप काढली, दवाखान्यात नेलं. ज्या जीपमधून नेलं तिचं बॉनेट याच आठवड्यात त्याच्या वाड्यात मारलं होतं. दाणे बसलेले. मनकर्णा घरी, म्हणून तीटही नव्हती. हे मला जीपमध्ये बसताना दिसलं.

मुलगी झाली. केवढीशी, डोकं लिंबाएवढं म्हटलं तरी चालेल. रडली नाही, मांजरीच्या पिल्लासारखा आवाज केला. हाताची बोटं सारखी थरथरत होती, आईची थरथरत होती तशीच. मी तिला नावानं हाक मारली, धोंडाबाई नव्हे, माझ्या मनातल्या नावानं. शुक्रवारी दुपारी गेली.

मामींनी तिला न्हाऊ घातलं, बाळंत्यात गुंडाळलं आणि गालाला काजळाची तीट लावली. आता हिला कुणाची नजर लागणार, हे कुणीच बोललं नाही. नाल्यापलीकडे पुरली. जमीन वाळून दगड झाली आहे, सूर्यभान आणि मी आळीपाळीनं पहार मारत होतो. शेवटी त्यानं माझ्या हातातून पहार काढून घेतली आणि एकट्यानं खणलं.

३ फेब्रुवारी, शनिवार

मामी आज गावी गेल्या. जाताना म्हणाल्या, "आठव्याचं जगत न्हाई, खरं हाय. पर आठव्यात यायला ती काय म्हनून निघाली? पोटातल्यानं मागितलं, तुमी दिलं न्हाई. रुसून आलं आनि रुसून गेलं."

 हिशोब सरळ आहे. दसऱ्याआधीपासून देत होतो तोवर बाळ पोटात सुखानं होतं, हलत होतं, झोपत होतं. बंद केलं आणि आठवडा पुरता झाला नाही तोच गेलं. माझ्या हातानं झालं. देवानं या वेळी सगळं दिलं होतं, मी एका बोळ्यासाठी नाही म्हणालो.

दुपारी कलाबाई आल्या होत्या. मनकर्णेच्या डोक्यावरून हात फिरवत बसल्या. निघताना मला म्हणाल्या, "म्या आधीच बोलायला पायजे हुतं, भाऊ. दिवाळीलाच मला वास आल्ता." डोळ्यांत पाणी होतं. त्यांना अपराधी वाटतं आहे. त्यांनी भल्यासाठीच सांगितलं, त्यांना तरी काय ठाऊक. मी मनात कलाबाईंना माफ केलं. स्वतःला करता येत नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

अजून सूर्यभानच्याच वाड्यात काम करतो. घरी गन आणायची इच्छा होत नाही. आज घरी येताना कुणाच्या तरी घरातून कांद्याच्या फोडणीचा वास आला. मी रस्त्यातच उभा राहिलो. किती दिवसांनी आला. डोकंही हल्ली दुखत नाही. हवा बदलली, थंडी सरली, त्याचा परिणाम असावा.

मनकर्णा भिंतीकडे तोंड करून असते. भाकरी करते, पाण्याला जाते, येऊन पुन्हा पडते. बोलत नाही. थिनरचं नावही काढत नाही. मागितला असता तर दिला असता, पण तिनं आता मागणंच सोडलं आहे. माझ्यावरचा राग आहे तो.

१ मार्च, गुरुवार

सूर्यभान म्हणतो, बॉनेटं परत यायला लागली आहेत. धुळीचे दाणे बघून गिऱ्हाईक नाक मुरडतं. "घरीच मार बाबा पयल्यासारखं. तुझ्या खोलीतला माल वायलाच हुता." मी हो म्हणालो. सामान घरी आणलं, खिडकीच्या फटी पुन्हा बुजवल्या.

८ मार्च, गुरुवार

आज एका बॉनेटचा शेवटचा हात मारत होतो. बल्ब खिळ्याला अडकवला होता, उजेड चुकीचा पडत होता. मागून कुणीतरी बल्ब काढून हातात धरला. मनकर्णा. काही न बोलता तिरपा उजेड पाडला. मग म्हणाली, "हितं कोरडं हाय." मी तिथं मारलं. "हितं बी." तिथंही मारलं. रंगाचा ओघळ आला, तो तिनं बोटानं दाखवला. शेवटी काळ्यात करंगळी बुडवून आतल्या कोपऱ्यात तीट लावली.

गन धुवायला बसलो तेव्हा ती जवळ येऊन बसली. खाली बघत म्हणाली, "जरा बोळा द्या की."

मी विचारलं, "काही आहे का? पुन्हा?"

ती थोडी हसली. तेच हसू, दुसरं मूल गेल्यावर एकदा पाहिलं होतं ते. एवढ्यात कसं असेल असं मनात आलं, पण डोहाळे लागल्याशिवाय कुणी वास मागतं का? आणि नसलं तरी होईल. तिला हवंसं वाटायला लागलं, हेच पुष्कळ.

बोळा मी तिनं मागण्याआधीच भिजवून ठेवला होता. सामान घरी आणल्यापासून रोज भिजवून ठेवत होतो, सुकला की पुन्हा.

१० मार्च, शनिवार

शिंगणापूरला जाऊन तेल घातलं. येताना नगरहून थिनरचा नवा डबा आणला, पूर्ण भरलेला, फक्त तिच्यासाठी. कलाबाई दारात उभ्या होत्या, हातात काय म्हणून विचारलं. रंगाचं सामान म्हटलं. आता कुणाचं ऐकायचं नाही, आणि या वेळी नाही म्हणायचं नाही.

डबा तिच्या उशाशी ठेवला आहे. झाकण फार घट्ट असतं, तिची नखं मोडू नयेत म्हणून सैल करून ठेवलं.